कालव्याच्या तळाशी सरकारी तपासणी

शिक्षण संपल्यावर इंग्लंडच्या सरकारने सेफाकोर अगबेकोला दोन वर्षं दिली होती. राहा, मिळेल ते काम कर, कुठे पाय रोवता येतात का ते बघ, नाहीतर सुखाने घानाला परत जा, असा त्या पदवीधर व्हिसाचा सरळ अर्थ. त्यातला आता शेवटचा हिवाळा चालू होता. मार्च संपला की व्हिसा संपणार होता.

पुढे राहायचं तर कुशल कामगाराचा व्हिसा हवा. त्यासाठी नोकरी हवी. ती तिच्याकडे होती. पण नोकरी देणाऱ्याकडे परदेशी माणसाला स्पॉन्सर करण्याचा सरकारी परवाना असावा लागतो, आणि 'एंटविसल आणि बहीण' या कंपनीकडे तो नव्हता. कंपनीकडे पंप होते, दगड उचलायची क्रेन होती, एक म्हातारं मांजर होतं. परवाना म्हणाल तर एकच, मालक नॉरिस एंटविसल यांचा गळ टाकून मासे धरायचा.

उत्तर इंग्लंडातल्या हेल्मडेन गावाजवळच्या डोंगरावरून दोनशे वर्षांपूर्वीचा कालवा चढत जातो. पाण्याला चढ चढता येत नाही, म्हणून जागोजागी लॉक बांधली आहेत. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. नाव आत घ्यायची, दरवाजे बंद करायचे, पाणी भरायचं, नाव वर आली की पुढचे दरवाजे उघडायचे. ही लॉकं दर हिवाळ्यात कुठे ना कुठे गळतात. ती दुरुस्त करण्यावर एंटविसल घराणं तीन पिढ्या जगत आलं होतं. नॉरिस सत्तरीला टेकले होते आणि मोजकं बोलत. थोरली बहीण डोरीन कचेरी सांभाळे आणि भावाच्या वाट्याचंही बोले.

परवान्याचा अर्ज डोरीननेच केला. माझ्या माणसाला कामावर ठेवायला मी कोणाची परवानगी का मागू, असं नॉरिसनी विचारलं. सरकारची, असं सांगून डोरीनने त्यांच्या हातात पेन दिलं. महिन्याभराने सरकारकडून उत्तर आलं. अर्ज पोचला आहे. कंपनी खरी आहे का, काम खरं आहे का आणि ते काम संबंधित व्यक्ती स्वतःच करते का हे पाहायला आमचा अधिकारी येईल. कधी येईल ते सांगितलं जाणार नाही.

तेव्हापासून हेल्मडेनमध्ये अनोळखी माणसाची चैन झाली. विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसाला डोरीनने चहा दिला, आल्याचा केक दिला, सेफाकोरची प्रमाणपत्रं दाखवली आणि हजेरीची पद्धत समजावून सांगितली. त्यानेही सगळं शांतपणे ऐकून घेतलं, केकचा दुसरा तुकडा खाल्ला, आणि निघताना मीटर कुठे आहे असं विचारलं.

नॉरिसना रोज टाय लावायची सक्ती झाली. चिखलात उतरतानाही ते टाय लावून उतरत.

सेफाकोर मूळची घानाच्या किनाऱ्यावरच्या केटा गावची. केटात समुद्राने गल्ल्याच्या गल्ल्या गिळल्या आहेत. आजोबांचं घर कुठे होतं असं तिने लहानपणी विचारलं, की आई लाटांकडे बोट करायची. पाणी ही न ऐकणारी गोष्ट आहे हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. पुढे ती त्याच विषयात इंजिनियर झाली, वरची पदवी घ्यायला इंग्लंडला आली, आणि पदवीनंतर या डोंगरातल्या कंपनीत चिकटली. पहिल्याच आठवड्यात बसच्या ड्रायव्हरने तिला 'बस की माझ्या राणी, कुठे जायचंय' असं विचारलं. तिने घाबरून आईला फोन केला. पुढे तिला कळलं की या खोऱ्यात ड्रायव्हर, भाजीवाली, दंतवैद्य, सगळेच सगळ्यांना राणी म्हणतात, आणि त्यात कुणाचाही काही हेतू नसतो.

त्या हिवाळ्यात एकोणिसाव्या नंबरच्या लॉकचं काम होतं. दोन्ही तोंडांना फळ्या लावून पाणी अडवलं, जाळ्यांनी मासे उचलून वरच्या टप्प्यात सोडले, पंप लावले आणि लॉक रिकामं केलं. सेफाकोर पहिल्यांदा शिडीने तळाशी उतरली तेव्हा शिडीचा दांडा सोडायचं विसरली. चारही बाजूंनी काळ्या, ओल्या दगडांच्या भिंती आकाशापर्यंत गेल्या होत्या. वर उरलेलं आकाश एखाद्या टेबलाएवढं. दगड एकावर एक असे बसलेले की मध्ये सुरी जाणार नाही. प्रत्येक दगडावर तो घडवणाऱ्याची खूण होती, कुठे बाण, कुठे फुली, कुठे माशाचं हाडूक. ज्यांनी हे बांधलं त्यांच्यापैकी निम्म्यांना सही करता येत नव्हती. बाहेरगावाहून पोटासाठी आलेली माणसं ती, फावड्यांनी डोंगर कोरून गेली. पायाखाली लाकडाची जमीन होती. तिने बोटाने चिखल पुसला तर खालून तांबूस लाकूड निघालं, काल सुताराने रंधा मारल्यासारखं. पाण्याखाली हवा लागत नाही म्हणून लाकूड कुजत नाही, हे तिने परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण लिहिणं निराळं आणि त्यावर उभं राहणं निराळं. केटाचा समुद्र तिच्या डोळ्यांपुढे आला. इथे दोनशे वर्षं पाणी आत होतं आणि भिंती जिथल्या तिथे होत्या. तिने हेल्मेट काढलं आणि बराच वेळ काढूनच ठेवलं.

नॉरिस शिडीवरून बघत होते. चहाची वेळ होऊनही त्यांनी तिला हाक मारली नाही.

हे लॉक वर्षानुवर्षं गळत होतं. नॉरिस दर हिवाळ्यात भिंतीच्या सांध्यांत चुना भरत आणि दर उन्हाळ्यात पाणी नाहीसं होई. सेफाकोरने भिंत महिनाभर मोजली, कागदावर आकडे मांडले, आणि वरच्या टप्प्यातल्या पाण्यात हिरवा रंग सोडायची परवानगी मागितली. रंग निरुपद्रवी होता. दुसऱ्या दिवशी 'लांडगा आणि कोकरू' या पबच्या तळघरात हिरवं पाणी निघालं. पबवाल्याने आधी आरडाओरडा केला, मग त्या पाण्याचा फोटो दारावर लावून आठवडाभर जास्त बिअर खपवली. भिंतीला काहीच झालेलं नव्हतं. पाणी भिंतीमागच्या मातीतून वाट काढून खाली जात होतं, आणि आत माणूस उभा राहील एवढं भगदाड झालं होतं. ते कसं बुजवायचं, कुठून, कुठल्या क्रमाने, म्हणजे भिंत आत कोसळणार नाही, हे सगळं तिने मांडलं आणि नॉरिसच्या माणसांनी तसंच्या तसं केलं.

पण याबद्दल ती कधी बोलत नसे, आणि त्याला कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका बैठकीत ती 'हे मी शोधून काढलं' असं म्हणाली होती. केटात कुणी असं म्हणालं तर लोक शाबासकी देतात. इथे टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी बिस्किटांकडे बघायला सुरुवात केली. स्वतःची स्तुती करणं म्हणजे इथे चारचौघांत कपडे बदलणं. सेफाकोर हुशार होती. तिने तो धडा असा गिरवला की तिच्यापुढे हेल्मडेनचे मूळ रहिवासीही बढाईखोर वाटावेत.

लॉक भरण्याआधी लोकांना आत उतरून बघू द्यायचं, अशी तिथली रीत आहे. रिकामा खड्डा बघायला माणसं येतील का, असं तिने विचारलं होतं. डोरीनने तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी बारीक पाऊस होता, अंगात शिरणारा वारा होता, आणि कालव्याच्या काठाने पार पुलापर्यंत रांग लागली होती. कुणी थर्मास आणला होता, कुणी घडीची खुर्ची. कंपनीची कचेरी लॉकच्या कडेलाच, त्यामुळे रांग तिच्या दारासमोरून पुढे सरकत होती. थोडीथोडी माणसं हेल्मेट घालून खाली उतरत. तळाशी सेफाकोर त्यांना सगळं दाखवी.

दुपारच्या एका तुकडीत एक गृहस्थ होता. अंगात शहरी ओव्हरकोट, पायात पातळ चकचकीत बूट, हातात काळी बॅग. बुटांत पाणी गेलं होतं, पण चेहऱ्यावर तसं काही दिसू द्यायचं नाही असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. बाकीचे गावचेच होते, भाजीवाली मिसेस ऑलरॉइड, पबवाला, आणखी पाचसहा जण.

सेफाकोरने दगडावरच्या खुणा दाखवल्या. लाकडाची जमीन दाखवली. मग तिने सगळ्यांना एकदा शांत उभं राहायला सांगितलं. वरच्या फळ्यांपलीकडे अडवलेल्या पाण्याचा एक खोल, घुमणारा आवाज येत होता, एखादं मोठं जनावर झोपेत श्वास घेत असावं तसा. मिसेस ऑलरॉइड जन्मभर या कालव्याच्या काठी भाजी विकत होत्या. त्यांनी दगडावर तळवा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. ओव्हरकोटवाल्यानेही बॅग चिखलात ठेवली आणि मान वर करून आकाशाचा तुकडा बघत राहिला.

मग त्याने प्रश्न विचारले, आणि ते चांगले होते. गळती कशी सापडली, भिंत उचलून धरणारा हिशेब कोणी केला. ती सगळं सांगत गेली. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे हे सगळं तुम्ही केलंत?"

"छे हो," सेफाकोर म्हणाली. "बहुतेक सगळं नॉरिसचंच. मी आपली हाताखाली होते. इकडचं तिकडे करायला."

गावकऱ्यांनी समाधानाने माना हलवल्या. पोरीला वळण चांगलं होतं.

ओव्हरकोटवाल्याने खिशातून ओळखपत्र काढलं. त्याचं नाव पेटिफर. स्पॉन्सरचा परवाना द्यायचा की नाही हे ठरवायला खात्याने पाठवलेला अधिकारी तो हाच. सकाळी अचानक तपासणी करायला म्हणून तो कचेरीपाशी आला, तर दारासमोर रांग. पेटिफर रांगेत उभा राहिला. ही रांग कशाची असं पुढच्या माणसाला विचारणं त्याला आगाऊपणाचं वाटलं. ही कचेरीची रांग नाही हे कळलं तोवर त्याच्या मागे तीस माणसं उभी होती, आणि एवढा वेळ उभं राहून रांग सोडायची म्हणजे लोक काय म्हणतील. मग कुणीतरी त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं.

हे त्याने सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. तिथे असलेल्या प्रत्येकाने तेच केलं असतं.

"मिस अगबेको," पेटिफर म्हणाला, आणि त्याला खरोखर वाईट वाटत असावं, "अर्जात असं म्हटलंय की कंपनीला पदवीधर इंजिनियर हवी, सगळे हिशेब ती स्वतः करते. आणि तुम्ही आत्ता साक्षीदारांसमोर मला सांगितलंत, की तुम्ही इकडचं तिकडे करता. मला हे लिहावं लागेल."

मार्चअखेर तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, हातात बॅग घेऊन. नाही, खरं म्हणजे सगळं मीच केलं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आता ते खोटं वाटणार. दोन वर्षं घासूनपुसून शिकलेली इंग्लिश रीत तिच्याच गळ्याशी आली होती.

वर कुणीतरी नॉरिसना हाक मारली. ते टाय सावरत शिडीने खाली आले. पेटिफरने त्यांना सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, हिचं काम कसं आहे?

नॉरिसनी नीट विचार केला.

"ठीक आहे," ते म्हणाले.

गावकऱ्यांनी श्वास रोखला. पबवाल्याने सेफाकोरचा दंड दाबला. पेटिफर मात्र दक्षिणेकडचा होता, तिथे ठीक म्हणजे नुसतं ठीक. तो वाट बघत राहिला.

"साहेब," मिसेस ऑलरॉइड त्याला हळूच म्हणाल्या, "तो 'ठीक' म्हणाला."

"ऐकलं मी."

"नाही ऐकलंत. त्याच्या बायकोने चाळीस वर्षं त्याला रांधून घातलं, बिचारी गेली, पण 'ठीक' तिला एकदाच मिळालं. तेही आजारी असताना."

पेटिफर म्हणाला, की त्याला याची पूर्ण कल्पना आली आहे, पण अहवालात तो 'ठीक' असं लिहून मोकळा झाला तर वरचा माणूस अर्ज फेटाळेल, कारण वरचा माणूस तिकडे लंडनजवळ क्रॉयडनला बसतो. त्याला स्पष्ट शब्द हवेत. मालकाच्या तोंडचे.

फळ्यांपलीकडचं पाणी पुन्हा ऐकू यायला लागलं. वर कठड्यावरून रांगेतली माणसं वाकून बघू लागली. नॉरिस एंटविसल भिंतीकडे बघत होते. त्यांची मान लाल झाली, मग कान लाल झाले. त्यांनी टाय सैल केला. सेफाकोरला वाटलं, नको, जाऊ द्या, मी परत जाते, पण या माणसाला असं चारचौघांत उभं करू नका. ती तसं म्हणणारही होती.

"या भिंतीत मी पंधरा वर्षं चुना भरला," नॉरिस म्हणाले. आवाज भिंतींवर आपटून वर गेला. "माझ्या बापाने त्याआधी भरला. पाणी मागून जात होतं. आम्ही मूर्खासारखे पुढून भरत होतो. ही पोरगी आली. महिनाभर भिंतीपाशी बसली. मला वाटलं, करू दे, शिकलेली आहे, कंटाळेल. तिने भगदाड शोधलं. ते बुजवायचा हिशेब तिने केला, सगळा, मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. माझी माणसं तिच्या शब्दावर त्या भगदाडात उतरली. माझा पुतण्या उतरला. भिंत हलली असती तर तो आत राहिला असता. भिंत हलली नाही."

ते थांबले.

"मला तिने चूक ठरवलं आणि कळूही दिलं नाही. मी जन्म पाण्यात काढला. पाणी इतकं समजणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ती गेली तर मी हे दुकान बंद करणार. आता लिहा काय लिहायचं ते."

एवढं बोलून त्यांनी तिथली एक बादली उलटी केली आणि तिच्यावर बसले. मिसेस ऑलरॉइडनी थर्मास उघडला आणि झाकणात चहा ओतून त्यांच्यापुढे धरला. वर कठड्यावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. त्याला पाहून शेजारच्याने काढली, आणि मग ते काठाकाठाने पुलापर्यंत गेलं. पावसात उघड्या डोक्यांनी सगळी रांग उभी राहिली. मागच्यांना का ते माहीत नव्हतं, पण पुढच्याने काढली म्हणजे काढायला हवी एवढं त्यांना कळत होतं.

पेटिफरने हातातली वही उलटी धरली होती. त्याने ती सरळ केली आणि बराच वेळ लिहिलं. मग हेल्मेट रीतसर परत केलं, वर जाऊन कचेरीचं दार वाजवलं, आणि डोरीनला सांगितलं की मी अचानक तपासणीला आलो आहे. डोरीनने त्याला विचारलं, मीटरसाठी का?

परवाना मार्चच्या मध्याला आला. त्याच दिवशी डोरीनने स्पॉन्सरचं प्रमाणपत्र काढलं, त्याच दिवशी सेफाकोरने नव्या व्हिसाचा अर्ज टाकला. जुना व्हिसा संपायच्या आत अर्ज पोचला की उत्तर येईपर्यंत राहता येतं, त्यामुळे मार्चअखेर आली आणि तिला हात न लावता निघून गेली. उत्तर एप्रिलमध्ये आलं. मंजूर. डोरीनने ते चौकटीत लावायला मागितलं, तर लावण्यासारखं काहीच नव्हतं. हल्ली व्हिसा म्हणजे कागद नाही, शिक्का नाही, कुठल्याशा यंत्रातली नोंद. एवढा थोर होकार, आणि हातात धरायला काही नाही, याचं सेफाकोरला दिवसभर नवल वाटत राहिलं. आईला फोनवर सांगितलं तर आईने विचारलं, मग तो आहे हे कसं कळतं? सेफाकोर म्हणाली, आहे ग. दिसत नाही, पण आहे.

दगडाचं काही काम मागे राहिल्यामुळे एकोणीस नंबरचं लॉक भरायलाही एप्रिलच उजाडला. त्या सकाळी दोन्हीकडच्या फळ्या काढल्यावर नॉरिसनी पाणी आत सोडणारी झडप उचलायचं लोखंडी हँडल तिच्या हातात दिलं. पहिलं पाणी ज्याचं काम तोच सोडतो. तिने हँडल फिरवलं. तळातून पाणी वर आलं, खळखळाट न करता. तांबूस लाकूड बुडालं. बाण, फुल्या, माशांची हाडुकं एकेक करून बुडाली. गळती थांबली होती, आता पंचवीसतीस वर्षं ती कुणाला दिसणार नव्हती.

पाणी भरलं. आता वरचा दरवाजा उघडायचा होता. ओकच्या लाकडाचा, काही टन वजनाचा. सेफाकोरने त्याच्या लांब तुळईला पाठ लावली, पाय रोवले आणि जोर केला. दरवाजा ढिम्म. दोन्हीकडच्या पाण्यात बोटभर फरक असला तरी दहा माणसांनाही तो हलत नाही, हे तिला माहीत होतं. नॉरिसनाही माहीत होतं. ते मदतीला आले नाहीत. ती पाठ टेकवून तशीच उभी राहिली. वरून पाणी आत झिरपत होतं, आवाज न करता.

मग पाठीमागे काहीतरी सैल झालं. तिने जोरही केला नव्हता, नुसता श्वास सोडला होता. तो अवाढव्य दरवाजा तिच्या पाठीच्या स्पर्शाने हलला आणि शांतपणे उघडत गेला. ती त्याच्याबरोबर एकेक पाऊल मागे मागे जात राहिली.